थरांची दिशा

एकच हुक दोन प्रकारे प्रिंट करून मुलांच्या हातात द्यायचा, हा माझ्या थ्रीडी प्रिंटिंगच्या वर्गाचा पहिला धडा. एक बेडवर आडवा झोपवून काढलेला, दुसरा उभा. फिलामेंट तेच, पीएलए, नोझल ०.४ मिलिमीटरचे, थर ०.२ मिलिमीटरचा. दिसायला दोन्ही सारखे. वजने लावत गेलो की उभा काढलेला हुक आधी तुटतो, आणि तुटतो तो नेमका थराच्या रेषेवर, सपाट. लाकूड रेषेच्या बाजूने फुटावे तसा. तुकडा वर्गात फिरतो, कडेवरून नखे फिरतात आणि मुले आपणहून बोलू लागतात. धागा सलग आहे तिथे ताकद आहे. एका थरावर दुसरा बसलाय तिथे ती कमी. वरचा गरम थर येईपर्यंत खालचा थंड झालेला असतो. दोन्ही चिकटतात, पण सलग धाग्याइतके एकजीव होत नाहीत.

हे फळ्यावरही शिकवता येते आणि परीक्षेत उत्तरही बरोबर येते. पण फळ्यावर शिकलेला मुलगा ब्रॅकेट उभाच प्रिंटला लावतो, कारण त्यात सपोर्ट कमी लागतो. हुक स्वतःच्या हाताने तोडलेला मुलगा स्लायसर उघडला की आधी मॉडेल फिरवून पाहतो. ‘सर, ह्याच्यावर जोर कुठून येणार?’ असे विचारतो. हा प्रश्न तोंडी आला की माझे निम्मे काम झाले, असे मी मानतो.

चक हल यांनी स्टिरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला, तर वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचण्याच्या पद्धतीसाठी स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये. क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केला होता. आज तालुक्याच्या कॉलेजात हे मशीन दिसते, त्याचे श्रेय या दोन गोष्टींना आहे.

नवी मशीन बेडची पातळी स्वतःच तपासतात. तरीही मी ती एकदा हातानेच करायला लावतो: नोझलखाली कागद सरकवायचा, तो किंचित अडायला हवा. पहिला थर बेडवर नीट दाबून बसला नाही, तर पुढचे सगळे तास वाया जातात.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केलेली मुले या वर्गात पुढे असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दहा मिलिमीटरच्या भोकात दहा मिलिमीटरची पिन जात नाही, ०.२ ते ०.३ मिलिमीटरची सूट ठेवावी लागते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. कानस चालवलेल्या हाताला ते ठाऊक असते. फक्त कॅडवर वाढलेल्या मुलांना पडद्यावरचा दहा आणि व्हर्नियरवरचा दहा वेगळा असतो, याचेच आधी नवल वाटते.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करणारे एक काका एका तुकडीत होते. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, हे त्यांनीच मुलांना शिकवले. आपली जुनी कॉन्ट्रॅक्शन पट्टीही दाखवली. तिच्यावरचे आकडे आकसण्याचा हिशोब धरूनच आखलेले असतात. पहिला प्रिंट केलेला पॅटर्न हातात आला, तेव्हा त्यांनी त्याच्या उभ्या भिंतीवरून अंगठा खालून वर नेला आणि म्हणाले, ‘सर, ह्यो वाळू धरणार.’ बरोबर होते. पॅटर्न वर ओढायचा आणि थरांच्या बारीक पायऱ्या त्याला आडव्या, म्हणजे वाळूचा साचा उचकटणारच. मग पुट्टी, पॉलिश पेपर आणि भिंतीला थोडा जास्त उतार. थरांची दिशा मला हुकात दिसायची ती ताकदीसाठी. त्या दिवसापासून ती वाळूसाठीही शिकवू लागलो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो काम करत शिकण्याच्या विश्वासावर. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे अशी यंत्रे सर्वांना वापरू देणाऱ्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली, हे मला अतिशय योग्य वाटते. पण अनेक ठिकाणी मी प्रिंटर काचेच्या कपाटात पाहिला आहे. पाहुणे आले की चालू होतो, एक छोटा गणपती काढतो आणि पुन्हा झाकला जातो. मुले बाहेरून बघतात.

तुमच्या कॉलेजात असे कपाट असेल तर त्याची किल्ली मुलांकडे द्या. पीएलएची एक किलोची रील हजार रुपयांच्या आसपास मिळते. दर वर्षी तशी एक मुलांना फक्त तुकडे तोडून पाहण्यासाठी वेगळी काढा.