गाडीतलं बिऱ्हाड आणि शिरोड्याच्या कुर्ल्या

अमेरिकेत असलेल्या आमच्या एका नातेवाइकानं मध्यंतरी सहलीचे फोटो पाठवले होते. बसएवढी मोठी गाडी, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. कुठल्याशा किनाऱ्यावर गाडी उभी करून सगळी मंडळी निवांत गळ टाकून बसलेली. फोटो बघून आमची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण असं कधी जायचं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "जाऊ की, सुट्टी तर लागू दे."

हेच उत्तर मी माझ्या आईला अकरा वर्षं देत आलो होतो.

आईचं माहेर शिरोड्याचं. लग्न होऊन घाट चढून ती निपाणीला आली आणि तंबाखूच्या वासात रमली. मामा होते तोवर मे महिन्यात तिची फेरी व्हायची. मामा गेले, घर बंद पडलं, तिचे गुडघे दुखायला लागले आणि माझ्या परीक्षा, पेपर तपासणी, लग्नसराई यांतून तिला घेऊन जाणं काही जमलं नाही. निपाणीपासून शिरोडा पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा नाही. अंतर आडवं आलं असं म्हणायलाही जागा नाही.

मग गेल्या नोव्हेंबरात मुंबईहून मामेभावाचा फोन आला. घर विकायचं ठरलं होतं. हक्कसोडपत्रावर आत्याची सही लागणार होती आणि त्यासाठी वेंगुर्ल्याच्या निबंधक कार्यालयात यावं लागणार होतं. बिचारा फार अवघडून बोलत होता. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मला म्हणाली, "सही करते. पण सकाळी जाऊन रात्री परत, असं मला नको. चार दिवस काढ. समुद्राच्या कडेकडेनं जाऊया."

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मित्राची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर होती. गावातल्या सुतारानं मागच्या दोन सीटांवर बसेल अशी फळी करून दिली, वर दोन गाद्या टाकल्या. पाच किलोचा गॅस, पाण्याचे दोन कॅन, तांदूळ-पीठ, चादरी आणि आईची कमोडची खुर्ची. झालं आमचं मोटरहोम! सौ.चं माहेर संकेश्वरचं, घर शाकाहारी. लग्नापूर्वी तिनं अंड्यालाही हात लावलेला नव्हता. त्यामुळे तिनं ज्वारीच्या भाकरी, शेंगा चटणी आणि एण्णगाईचा डबा वेगळा घेतला आणि बजावलं, "तुमच्या मासळीचं पातेलं माझ्या पातेल्याला लागता कामा नये."

संकेश्वरला चहा घेऊन गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा रस्ता धरला. या रस्त्याला हिरण्यकेशी नदीची सोबत आहे. ती आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडे येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभेचं पाणी कृष्णेला, कृष्णेचं बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्र अगदी हाकेवर असताना ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्या मुलखात येते. आई म्हणाली, "माझ्यासारखीच. सासर वर मिळालं." आम्ही सगळे हसलो.

बेळगावकरांना हा किनारा नवा नाही. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीला जाणाऱ्या रस्त्याला बेळगावात आजही वेंगुर्ला रोडच म्हणतात. मुरगावचं बंदर आणि रेल्वे होण्यापूर्वी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून जायचा-यायचा. सतराव्या शतकात डचांनी तिथं वखार घातली होती, तिचे पडके अवशेष अजून दिसतात. पहिला मुक्काम आम्ही वेंगुर्ल्यालाच एका खानावळीच्या आवारात, मालकाला विचारून, केला. रात्री बंदरावर गेलो तर दूर समुद्रात दीपगृहाचा दिवा उघडझाप करत होता. तिथल्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. त्या घरट्यांचं सूप चीनकडे फार महाग विकलं जातं, त्यामुळे चोरट्यांचा डोळा तिथं असतो. मुलीला हे खरंच वाटेना. "लाळेचं घर? आणि ते खायचं?"

दुसऱ्या दिवशी म्हापणवरून निवतीला गेलो. किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत लांबलचक जाळं सोडत जाते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात. मग दोन रांगांत माणसं ती ओढतात, हळूहळू एकमेकांजवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी वाळूवर येते. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, त्यात सगळ्या वाडीचे वाटे असतात. मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांनी मासळी खोल पाण्यातच उचलली जाते, म्हणून रापणकरांची तक्रार गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्या दिवशी तासभर ओढून तारली आणि थोडे बांगडे निघाले. मीही दोरीला हात लावला होता. हातात चार बांगडे पडले आणि तळहाताला दोन फोड आले. नोकरीत इतकी रोकडी कमाई मी कधी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे वळलो. मोचेमाडची खाडी, मग आरवली. जयवंत दळवींचं हे गाव. वेतोबाच्या देवळात केळ्यांचे घड आणि देवाला वाहिलेल्या प्रचंड चपला बघून मुलगी थक्क झाली. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. पुढे शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं इथल्या शाळेत शिक्षक होते. १९३० साली इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. आई हे सगळं शाळेत शिकली असेल, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती खिडकीतून माडांच्या बागा मोजत होती.

शेजाऱ्यांकडे घराची किल्ली होती. शेजारच्या म्हाताऱ्या काकी बाहेर आल्या, डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. "खंयसून इलात?" आईनं नाव सांगितल्यावर त्यांनी तिचा हात जो धरला तो अर्धा तास सोडला नाही. घराच्या मागच्या खोलीचं छप्पर बसलं होतं, त्यामुळे आत झोपणं शक्य नव्हतं. गाडी अंगणात लावली. माहेरच्या अंगणात गाडीत झोपण्याची वेळ आपल्यावर येईल असं आईला कधी वाटलं नसेल. ती काही बोलली नाही. मीही नाही.

पहाटे तिनं मला उठवलं. "अमावस्या दोन दिवसांवर आहे. कुर्ल्या भरलेल्या असतील. माळ्यावर बघ, कडी असेल." अमावस्येला कुर्ली मांसानं भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, हा किनाऱ्यावरचा जुना समज. शास्त्र सांगतं की कुर्ली कात टाकते, तेव्हा काही दिवस तिच्या अंगात मांस कमी आणि पाणी जास्त असतं. माळ्यावर खरोखरच लोखंडी कडी सापडली, जाळं मात्र कुजलेलं. काकींच्या मुलानं नवं जाळं बांधून दिलं, मध्ये माशाचं डोकं अडकवलं आणि आम्हाला खाडीवर घेऊन आला.

आईला खुर्चीवर बसवलं. सकाळी भरती चढत होती. अमावस्या-पौर्णिमेजवळ उधाण येतं, अष्टमीला भांग. उधाणाचं पाणी चढू लागलं की खारफुटीच्या मुळांतल्या कुर्ल्या बाहेर पडतात, तेव्हा कडी सोडायची. आई खुर्चीवरून हुकूम देत होती. "घाई नको. दहा मिनिटं थांब. आता दोरी ताण. हळू! आता एकदम ओढ!" पहिल्या तीन वेळा रिकामी कडी आली. चौथ्या वेळी हिरवट काळी, पंजाएवढी कुर्ली नांगे उगारून वर आली. मुलगी घाबरून आईच्या मागे लपली आणि तिच्या तोंडून कन्नडच बाहेर पडलं, "अज्जी, अदु कडितैतेनु?" चावते का म्हणून विचारत होती. आईला कन्नड कळतं, बोलता फारसं येत नाही. तरी ती म्हणाली, "कडितैती. म्हणून मागून धरायची." आणि तिनं सत्तरी उलटलेल्या हातानं ती कुर्ली मागच्या पायांपाशी धरून उचलली, सुतळीनं नांगे बांधले. हात जरासुद्धा कापला नाही.

मग तिनं नातीला उलटी कुर्ली दाखवली. पोटावरची पट्टी निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी. मादीच्या पट्टीखाली अंडी दिसली की ती पाण्यात परत सोडायची, लहान पिल्लंही सोडायची. साडेदहापर्यंत सात मिळाल्या, त्यांतल्या तीन परत गेल्या. पातेल्याला पातेलं लागू न देणारी आमची सौ. शेवटी गुडघाभर पाण्यात उभी राहून दोरी ओढत होती. खाणार नव्हती, पण ओढायला तिची हरकत नव्हती.

दुपारी काकींच्या चुलीवर स्वयंपाक झाला. बारीक पाय वाटून त्यांचं पाणी गाळून घेतलं, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात नांगे आणि पेंदे शिजवले. अंगणात एका बाजूला कुर्ल्यांचं कालवण आणि भात, दुसऱ्या बाजूला भाकरी आणि एण्णगाई. काकींना शेंगा चटणी इतकी आवडली की उरलेली बाटली तिथंच राहिली.

संध्याकाळी आई एकटीच घरातून फिरून आली. मी धीर करून म्हटलं, "तुझी इच्छा नसेल तर सही नको करू. मी त्याला समजावतो." ती म्हणाली, "मुंबईहून तो येणार नाही, निपाणीहून तू येणार नाहीस. छप्पर कोण शाकारणार?" मला उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षांतला एक मे महिना जरी मी काढला असता, तर कदाचित उत्तर असतं.

पाचव्या दिवशी वेंगुर्ल्याला सही झाली. मामेभाऊ तिच्या पाया पडला, दोघंही रडले. कार्यालयात नव्वद मिनिटंही लागली नाहीत. घरातलं काय हवं ते घेऊन जा, असं तो म्हणाला होता. आईनं तांब्याचा हंडा घेतला नाही, देवघर घेतलं नाही. ती कडी घेतली.

ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण त्यासाठी खास गाडीच हवी असं नाही. फळी, गादी आणि गॅस पुरतो. गाडी बंद करून काचा थोड्या उघड्या ठेवा, आत गॅस पेटवू नका. मुक्कामाला कुणाच्याही आवारात विचारूनच राहा. वाळूत गाडी घालू नका. ती रुतते, शिवाय वेंगुर्ल्याजवळ वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. भरती-ओहोटी स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ज्यांना कन्नड किनारा हवा त्यांना खानापूर, रामनगरवरून कारवार आहे. काळी नदी तिथं समुद्राला मिळते, आणि तरुण रवींद्रनाथ टागोर भाऊ सत्येंद्रनाथांकडे तिथं राहून गेले होते. तिथल्या बाजारात आपल्या दोन्ही भाषा चालतात.

आणि घरात कुणी "एकदा तिकडे जाऊन येऊया" म्हणत असेल, तर सुट्टी लागण्याची वाट बघू नका. रजा टाका.

ती कडी आता आमच्या निपाणीच्या घरात माळ्यावर आहे. मे महिन्यात काळीच्या काठी जायचं ठरलं आहे. गाडी सांगून ठेवली आहे, आणि नातीनं आजीकडून सुतळीची गाठ शिकून घेतली आहे.