नोंदवहीचा वाचक

साहित्याच्या अभ्यासकांपुढे प्रयोगशाळेच्या नोंदवहीचा विषय काढणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. तरीही तो काढतो आहे, कारण गेली कित्येक वर्षे माझे बरेचसे वाचन नोंदवह्यांचेच झाले आहे. मी एका विद्यापीठात जीवशास्त्र शिकवतो आणि तेथील जैवसुरक्षा समितीचे कामही पाहतो. कोणत्या खोलीत कोणते जीवाणू वाढवले जातात, ते कोण हाताळतो, काम संपल्यावर ते नष्ट कसे केले जातात, जनुकबदल केलेले बियाणे कोणत्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सारे आमच्या समितीने विचारायचे असते. विचारायचे म्हणजे बव्हंशी वाचायचे. वाचता वाचता माझ्या ध्यानात असे आले की, प्रयोगशाळेची सुरक्षितता हा जितका यंत्रांचा आणि कुलपांचा प्रश्न आहे, तितकाच तो लेखनाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो येथे मांडावासा वाटतो.

या समित्यांचे मूळ एका नियमावलीत आहे. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ मधली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि त्या कायद्याखाली, घातक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेले जीव यांच्यासाठी, डिसेंबर १९८९ मध्ये नियम करण्यात आले. त्यांत सहा समित्यांची उतरंड आहे: केंद्रात तीन, राज्यात एक, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक आणि प्रत्यक्ष संशोधनसंस्थेत एक. कागदावर ही रचना भक्कम आहे. परंतु वरच्या पाचही समित्यांना जे दिसते, ते शेवटी खालच्या खोलीत कोणीतरी लिहिलेले असते. त्या खोलीतला माणूस खरे लिहीत असेल तर सहाही समित्या डोळस. नसेल तर सहाही आंधळ्या.

नोंदवहीची भाषा कर्मणी असते. 'बाटली उघडण्यात आली', 'कल्चर नष्ट करण्यात आले', 'पृष्ठभाग निर्जंतुक करण्यात आला.' उघडली कोणी, नष्ट केले कोणी, हे वाक्यातून अलगद गळून पडते. शास्त्रीय लेखनात 'मी' नको, हा संकेत वस्तुनिष्ठतेसाठी रूढ झाला, हे मान्यच आहे. पण कर्ता गाळण्याची ही सोय वस्तुनिष्ठतेला जितकी उपयोगी पडते, तितकीच ती जबाबदारी टाळण्यालाही पडते. शासकीय पत्रव्यवहार वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

एक उदाहरण देतो. प्रत्येक जैविक प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह असतो. सोप्या शब्दांत तो एक मोठा प्रेशर कुकर: १२१ अंश सेल्सिअस तापमान, चौरस इंचाला १५ पौंड दाब, निदान १५ मिनिटे. वापरलेली कल्चरे त्यात घालून मगच कचऱ्यात जातात. सामानावर एक चिकटपट्टी लावतात. पुरेशी उष्णता लागली की तिच्यावर काळ्या रेषा उमटतात. त्या रेषा उष्णता लागल्याचे सांगतात, जंतू मेल्याचे नव्हे. त्याची खात्री करण्यासाठी, उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू अधूनमधून आत ठेवून, ते नंतर वाढतात का हे पाहावे लागते. या यंत्राची एक वही असते. अशा वह्यांमध्ये मी शेकडो ओळी वाचल्या आहेत: १२१, १५, १५, ठीक. १२१, १५, १५, ठीक. कित्येकदा शाई एक, अक्षराचा कल एक, आणि तीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत उतरवल्याचे दिसते आहे.

अशाच एका वहीत एकदा एका परिचराने लिहिलेली नोंद सापडली. वीज गेली, बारा मिनिटे झाली होती, परत आल्यावर पुन्हा लावले, पट्टीवर रेषा आल्या नाहीत, माल बाहेर काढला नाही, साहेबांना सांगितले, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा लावले, रेषा आल्या. खाली नाव आणि वेळ. अशुद्ध लेखनाच्या दोन-तीन चुका होत्या. त्या वर्षी मी वाचलेल्या साऱ्या नोंदींत मला ही सर्वांत चांगली वाटली, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. तिच्यात कर्ता होता, क्रम होता, शंका होती आणि शंकेचे काय केले हेही होते.

बाहेरून तपासणी यायची होती. तेव्हा एका वरिष्ठांनी सुचवले की ते पान 'व्यवस्थित' करून घ्यावे. उगाच प्रश्न निघतात. समितीत त्यावर बरीच वादावादी झाली आणि पान तसेच राहिले. पण पुढच्या वर्षी मी तीच वही उघडली, तेव्हा वर्षभरात वीज एकदाही गेलेली नव्हती. १२१, १५, १५, ठीक. परिचराला कोणी दटावले नसेल. त्याच्या पानावर झालेली चर्चा त्याच्या कानावर गेली, एवढे पुरे होते. नियमपालनाची सर्वांत मोठी अडचण मला येथे दिसते. जी तपासणी अपयशाच्या नोंदीलाच अपयश समजते, ती अपयश थांबवत नाही, फक्त नोंद थांबवते.

या नोंदीची किंमत काय असते, ते मुंबईच्या इतिहासाने एकदा फार कठोरपणे दाखवले आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ च्या अखेरीस ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर प्लेगच्या लशीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. चौकशी झाली. मागणी वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस तयार करण्याची रीत बदलली होती, कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. आयोगाने त्यावर बोट ठेवून दोष परळच्या प्रयोगशाळेला दिला. हाफकिन यांना काम सोडावे लागले.

पण साक्षीपुराव्यात एक बारीक तपशील राहून गेला होता. बाटली उघडताना गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंध नव्हता; धनुर्वाताचे जंतू तिच्यात आधीपासून वाढत असते, तर तो आला असता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी याच तपशिलांवर बोट ठेवून १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले आणि हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. एका बाटलीला क्रमांक होता आणि एका पडलेल्या चिमट्याची हकिकत कोणीतरी सांगितली, म्हणून सत्य पाच वर्षांनी का होईना हाती लागले. ती हकिकत 'व्यवस्थित' केली गेली असती, तर आज हाफकिन यांचे नाव त्या इमारतीवर दिसले नसते. ते १९ जण मात्र कशानेही परत आले नाहीत, हेही विसरता कामा नये.

आपल्या वाङ्मयात अशा नोंदीची परंपरा नाही असे नाही. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडे स्वतः जाऊन. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर एक पुसून दुसरी ठेवण्याऐवजी कोणाचे म्हणणे काय हे नावानिशी टिपण्याची रीत महानुभावांनी सांभाळली. वर्गात आपण याला गद्याचा आरंभ म्हणून शिकवतो. मला त्यात एक शिस्त दिसते: विसंगती झाकायची नाही आणि सांगणाऱ्याचे नाव गाळायचे नाही. माझ्या विद्यार्थ्यांना नोंदवही कशी लिहावी हे सांगताना मी नियमावलीआधी 'लीळाचरित्रा'चे नाव घेतो, तेव्हा ते बुचकळ्यात पडतात.

हे सारे मला इतके जिव्हाळ्याचे का वाटते, त्याचे कारण माझ्या गावात आहे. मी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. आमच्याकडे शेत म्हणजे मुख्यतः पऱ्हाटी. आजोबांच्या काळी सरकी घरची असे. शेणमातीत घोळून ती पेरीत. संकरित वाणांनी ती रीत मोडली, कारण संकरिताचे बी राखून चालत नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, तीही संकरित वाणांना. अशा वेळी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ यांनी 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी जनुक आणले. २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २००९ च्या हंगामात ते शेतकऱ्यांपर्यंत पोचले. स्वस्त, सार्वजनिक संस्थेचे, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षासाठी राखता येईल असे बी. पण लवकरच ते मागे घेण्यात आले. त्या बियाण्यात मॉन्सँटोच्या कापसातला 'मॉन ५३१' हा जनुकबदल आढळला. सुधीर सोपोरी यांच्या समितीच्या २०१२ च्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

बाहेरच्याला ही तांत्रिक भानगड वाटेल. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला मात्र अशा मिसळीच्या वाटा ठाऊक असतात: शेजारच्या ओळीतून आलेले परागकण, न बदललेली पिशवी, गळून पडलेली चिठ्ठी, किल्ली कोणाकडे होती याची नसलेली नोंद. यांतली कोणती वाट तेथे घडली, याचा निवाडा मी करत नाही. परिणाम तेवढा मला दिसतो. रोहण्याच्या शेतकऱ्याला स्वतःची सरकी पुन्हा राखता येण्याची एक संधी हातची गेली, आणि ती कोणत्या कपाटात, कोणत्या पानावर गेली, हे त्याला कधी कळले नाही.

नियमही असाच त्याच्यापर्यंत पोचत आला. बरीच वर्षे ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. ती का पेरायची हे समजावून कोणी सांगितले नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ती पेरलीच गेली नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कपाशीचे काय केले, ते सर्वांना माहीत आहे. केवळ त्या पुडीमुळे तसे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्यासाठी नियम लिहिला, तो वाचक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढे नक्की म्हणता येईल.

समीक्षेत आपण 'कल्पित वाचका'विषयी पुष्कळ बोलतो. प्रयोगशाळेची वही लिहिणाऱ्याचा कल्पित वाचक आज तपासनीस आहे. त्याला प्रसन्न करण्यासाठीच ती लिहिली जाते. तो वाचक बदलला पाहिजे. मुलकोवालला दंड पुढे करून उभा राहिलेला माणूस किंवा आर्वीच्या दुकानातून पाकीट घेऊन निघालेला शेतकरी ती वही कधी उघडणार नाही, पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीवर त्याचा भरवसा टांगलेला असतो. समितीच्या पुढच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडणार आहे: ज्या वहीत वर्षभर एकही बिघाड नोंदलेला नाही, ती आधी तपासावी, आणि ज्याने बिघाड लिहिला, त्याच्या नोंदीखाली समितीने 'वाचले' असे लिहून सही करावी. सूचना मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. परिचराला त्याचे लिहिलेले कोणीतरी वाचते एवढे जरी कळले, तरी वहीत वीज पुन्हा जाऊ लागेल.