गेल्या वर्षीचा पेपर

नव्वदच्या दशकात पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या तोंडी दिवाळीच्या सुमारास एकच प्रश्न असायचा : गेल्या वर्षीचा पेपर मिळाला का? जपानी भाषाप्रावीण्याची परीक्षा वर्षातून एकदाच, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पातळ्या चार. चौथी सर्वांत सोपी, पहिली सर्वांत अवघड. चौथीला शंभरेक कांजी म्हणजे चित्राक्षरं, तिसरीला तीनशे, दुसरीला एकदम हजार. तिसरी सुटल्यावर दुसरीच्या खाईत उडी मारण्याआधी बरेच जण थेट संसाराला लागायचे.

पेपर गुप्त होता अशातला भाग नाही. परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरं यांचं पुस्तक दरवर्षी जपानात रीतसर विकायला यायचं, श्राव्य भागाच्या कॅसेटचीही सोय असायची. अडचण एवढीच, की ती दुकानं आप्पा बळवंत चौकात नव्हती. कुणाचा तरी मोठा भाऊ कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला जायचा, त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची. तो परत आला की पुस्तक आधी सेन्सेईंकडे, म्हणजे सरांकडे, आणि तिथून झेरॉक्सवाल्याकडे. मग झेरॉक्सची झेरॉक्स. चौथ्या पिढीपर्यंत ‘थांबणे’ आणि ‘हातात धरणे’ या दोन कांजी ओळखणं हीच एक परीक्षा होऊन बसायची. दोन्हींचा उजवा भाग तोच, डावीकडच्या दोन-तीन रेघांचा काय तो फरक आणि नेमक्या त्याच रेघा शाईत बुडालेल्या. शिवाय आधीच्या मालकानं पेन्सिलीनं केलेल्या खुणाही छापून आलेल्या असत. त्यानं ‘तीन’वर गोल केला असेल तर आपलाही हात तिकडेच वळे. तो पास झाला होता की नापास, हे विचारायला तो सापडत नसे.

कॅसेटची गोष्टच निराळी. ती वर्गात टेपरेकॉर्डरवर लागायची आणि पंचवीस जण माना तिरक्या करून बसायचे. आधी चित्रांचे प्रश्न. बाई आणि बुवा काहीतरी बोलतात, त्यावरून चारांतलं बरोबर चित्र शोधायचं. नंतर ‘इथे चित्रं वगैरे नाहीत’ असं एक गंभीर आवाज सांगायचा आणि वर्गात हमखास खसखस पिकायची. या भागात पर्यायही फक्त कानांवर पडायचे. प्रत्येकापुढे बरोबर की चूक ते काळं करायचं, तोवर पुढचा पर्याय सुरू. टेप मागे घ्यायला सेन्सेई राजी नसत, कारण परीक्षेत कुणी मागे घेणार नव्हतं. ते म्हणणं रास्त होतं. निम्म्या वेळा मात्र कॅसेटच्या प्रतीची प्रत इतकी घरघरायची, की बाई ‘चार’ म्हणाल्या की ‘सात’, यावर चहाच्या टपरीवर वाद चाले.

आता पुतणी त्याच परीक्षेच्या एन फोर या पातळीला बसते आहे. परीक्षेची अधिकृत वेबसाइट उघडली, पीडीएफ उतरवली, आवाजाची फाइल उतरवली, उत्तरं तपासली. पैसे शून्य. लातूरच्या मुलाला आणि ओसाकात मामा असलेल्या मुलीला एकाच दिवशी, एकाच स्वच्छतेनं मिळतं. यात वाईट वाटावं असं काही मला तरी दिसत नाही. झेरॉक्सच्या आठवणी काढून उसासे टाकणारे आमचे सोबती पाहिले की म्हणावंसं वाटतं, बाबांनो, तेव्हा आपण त्या झेरॉक्सवाल्याला शिव्याच घालत होतो.

फक्त एक गोष्ट तिला पटवून देता देता माझी दमछाक झाली. तिच्या हातात आहे तो ‘गेल्या वर्षीचा पेपर’ नव्हे. २०१० साली परीक्षेची घडण बदलली. चारच्या पाच पातळ्या झाल्या, तिसरी आणि दुसरीतली खाई बुजवायला मध्ये एन थ्री आली आणि जुन्या तिसरीची एन फोर झाली. आणि त्याबरोबरच वर्षावर्षाचे पेपर छापणंही थांबलं. प्रश्नपत्रिका परीक्षागृहाबाहेर नेता येत नाही. त्याऐवजी नव्या परीक्षेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांतून निवडून अधिकृत सरावसंच काढले, एक २०१२ साली, दुसरा २०१८ साली. पातळीमागे दोन संच, बस्स. किती कांजी, कोणते शब्द, याची यादीही आता अधिकृतपणे मिळत नाही. म्हणजे आमच्या वेळी खरा पेपर दरवर्षी निघायचा आणि हाती लागायचा नाही. आता हाती क्षणात लागतो, पण निघतच नाही.

कारण समजण्याजोगं आहे. परीक्षा सुरू झाली त्या पहिल्या वर्षी जगभरातून सुमारे सात हजार जण बसले होते, आता आकडा वर्षाला दहा लाखांपलीकडे जातो आणि बऱ्याच देशांत परीक्षा जुलै-डिसेंबर अशी दोनदा होते. वेगवेगळ्या सत्रांचे गुण एकाच मापानं मोजायचे, तर सगळे प्रश्न उघड्यावर टाकून चालत नसावं. तरी दोनच संच म्हणजे कंजूषपणा झाला, असं माझं मत. पुतणीनं दोन्ही इतक्यांदा सोडवलेत, की संवाद सुरू होताच ती उत्तर सांगते. म्हणून परवा माळ्यावरचं माझं तिसऱ्या पातळीचं बाड खाली काढून दिलं. तीनशे कांजींचं गणित एन फोरला अजून बरंचसं लागू पडतं. तिनं पहिलंच पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, “काका, ही कांजी कुठली? थांबणे की धरणे?”