फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रात बहुतेक पगारदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो; फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली लागला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेचा १९७७ साली कायदाही झाला. खेड्यातल्या मजुराला काम मिळावं म्हणून शहरातल्या नोकरदाराने पदरचं द्यायचं, इतका सरळ व्यवहार.

समाजाने तो पेलला, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९७२चा दुष्काळ ताजा होता. सुकडीवर दिवस काढत खडी फोडणाऱ्या बाया लोकांनी पाहिल्या होत्या. घेणारा कोण, कशापायी घेतो, हे दिसत होतं. आणि तो घाम गाळून घेत होता.

सरकारी पैसा कुणाला द्यावा याबद्दलचं आपलं मत रकमेवर ठरत नाही, असं मला म्हणूनच वाटतं. मार्च २०२३मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. तिजोरीवरच्या बोजाची चर्चा खूप झाली, पण पेन्शनरला कुणी फुकट्या म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ योजनेतून बायकांना दरमहा दीड हजार मिळू लागले आणि ‘फुकटची सवय लागेल’ हे वाक्य जिथे तिथे कानी पडू लागलं. पेन्शनमागे आयुष्यभराची हजेरी दिसते. पहाटे पाण्याला जाणाऱ्या, सासूचं दुखणं काढणाऱ्या बाईची हजेरी कुठल्या मस्टरवर लागते?

‘तिच्या दारात गाडी उभी, तिला कशाला?’ हे मात्र मी पैसे घेणाऱ्या बायकांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्याला मत्सर म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांचं घर या दीड हजारावर हलतं, त्यांना पात्रतेचा नियम पाळला जावा असं सर्वांत जास्त वाटतं. म्हणून लाभार्थींच्या यादीला चाळणी लागली तेव्हा पुष्कळांना ती पटली.

पण ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली गेली, आणि दोघंही हयात नसलेल्या बायका अडकल्या. ज्यांच्यासाठी योजना हवी, त्याच. छाननी व्हावी, जरूर व्हावी. मात्र नाव वगळलं तर त्या बाईच्या हातात कारण लिहिलेला कागद पडावा, आणि तो घेऊन दाद मागायला तिला तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत. गावातच, ग्रामसभेत तिचं म्हणणं ऐकलं जावं.