क्लचची दुसरी वायर

सकाळी नवाच्या सुमारास चांदणी चौकातून हिंजवडीकडे जी गर्दी सरकत असते, तिच्यात मधूनमधून एखादी उंच, थोराड मोटारसायकल दिसते. टाकीच्या दोन्ही अंगांना लोखंडी गार्ड, गार्डाला लाल जेरीकॅन, इंजिनाखाली जाड पत्रा, मागे दोन पेट्या आणि पुढे चार दिवे. एवढा सरंजाम घेऊन ती निघालेली असते वाकडच्या पुलाखाली सिग्नल सुटायची वाट बघायला. शेजारचा स्कूटरवाला विचारतोच, "काय, लेहला का?" मालक हेल्मेटच्या आत कसनुसं हसतो.

मला त्या माणसाची टिंगल करवत नाही. गाडीला लावलेली प्रत्येक वस्तू ही अजून न झालेल्या एखाद्या प्रवासाची आगाऊ व्यवस्था असते. पेट्रोल संपेल म्हणून जेरीकॅन, दगड लागेल म्हणून पत्रा, अंधार पडेल म्हणून दिवे. झोप येत नसताना त्याने डोळ्यांपुढे आणलेला रस्ता त्या गाडीवर नटबोल्टांनी आवळलेला असतो. देखभालीचा हिशेब मागचा. चेनला चिकटलेली माती, एअर फिल्टरमधली धूळ, झिजलेले ब्रेक पॅड, हे सगळं होऊन गेलेल्या रस्त्याचं. गाडीचा नाद लागलेल्या माणसाचा रविवार या दोन रस्त्यांमध्ये कुठेतरी जातो. माझं विचाराल तर पहिला रस्ता खर्चिक आहे आणि दुसरा रंजक.

या जातीच्या गाड्यांचं मूळ बहुतेक जण 1980 सालच्या बीएमडब्ल्यू आर 80 जी/एसपर्यंत नेतात. हमरस्त्यावरचं मोठं इंजिन आणि खाचखळग्यांसाठी लांब सस्पेन्शन, असा तो संसार. पुढच्याच वर्षी ह्यूबेर ओरियॉल या फ्रेंच स्वाराने तीच गाडी घेऊन पॅरिस-डकार शर्यत मारली आणि जगभरच्या कारकुनांना, डॉक्टरांना, मास्तरांना वाळवंटाची स्वप्नं पडायला लागली. आपल्याकडे तेव्हा बुलेट होती, येझदी होती, नंतर आरएक्स 100 आली. लोक त्यांवर बसूनही लडाखला जाऊन आले. सामान सुतळीने बांधलेलं, रेनकोट म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली तेव्हा पहिल्यांदाच मध्यमवर्गीय खिशाला जमेल अशी, मुळातच या कामासाठी घडवलेली गाडी मिळाली. 411 सीसी, पुढचं चाक 21 इंची, मागचं 17, सस्पेन्शनचा हेलकावा पुढे 200 मिलिमीटर आणि मागे 180, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, पंधरा लिटरची टाकी. ताकद चोवीस-साडेचोवीस अश्वशक्ती, म्हणजे हायवेवर कोणीही मागे टाकून जावं एवढीच. पण दगडांच्या वाटेवर ती जशी सावकाश, न बिचकता चढत जाते, ते पाहून माणूस तिच्या प्रेमात पडतो. माझ्याकडे त्यातलीच एक आहे, इंजेक्शनवाली.

गाडी दारात आली की पहिले सहा महिने माणूस फक्त लावत सुटतो. गार्ड, रॅक, पेट्या, पत्रा मिळून तीस किलो सहज होतात. गाडी आधीच दोनशेच्या घरात. हे तीस किलो डांबरी रस्त्यावर कळत नाहीत. चिखलात गाडी आडवी होते आणि हँडल धरून, पाठ गाडीला लावून, मांड्यांच्या जोरावर ती उभी करावी लागते तेव्हा प्रत्येक किलो आपली ओळख करून देतो. त्यात हे वजन मागच्या चाकाच्याही मागे टांगलेलं असेल तर पुढचं चाक हलकं पडतं आणि वाळूत हँडल ऐकेनासं होतं. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या मागे आणि वर, एवढं पाळलं तरी निम्मी दुखणी टळतात. रॅक मात्र लोखंडाचाच घ्यावा. कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाला लोखंड सांधून देतो, ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही. आणि सांधण्याआधी बॅटरीच्या वायरी काढायला त्याला आपणच सांगावं लागतं, नाहीतर गाडीचा मेंदू जळायचा.

हँडल उंच करणं हा सगळ्यात आवडता बदल. फूटपेगवर उभं राहून चालवताना उंच माणूस कमरेत वाकतो, म्हणून हँडलखाली रायजरचे ठोकळे घालतात. काम पंधरा मिनिटांचं. पण हँडल इंचभर वर आलं की त्याच्याबरोबर क्लच वायर, ॲक्सिलरेटरची वायर, ब्रेकचा होज, स्विचांच्या वायरी, सगळंच ओढलं जातं. म्हणून रायजर लावल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवायचं आणि नुसतं ऐकायचं. एका बाजूला नेताना इंजिनाचा आवाज चढला तर वायर ताणली जातेय. घराखाली ही गंमत असते. ताम्हिणीतल्या उलट्या वळणावर, हँडल पुरतं वळलेलं असताना गाडी आपल्या मनाने वेग घेते तेव्हा ती गंमत राहत नाही.

माझ्या गाडीतले मला पसंत असलेले दोन बदल बाहेरून दिसतच नाहीत. क्लचची एक नवी वायर मी जुन्या वायरीला लागूनच, तिच्याच वाटेने ओवून ठेवली आहे. दोन्ही टोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, मधे जागोजागी झिप टाय. क्लच वायर तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या निपलपाशी, आणि एकदम नाही. एकेक तार करून. ज्या दिवशी शेवटची तार जाईल त्या दिवशी टाकी न उघडता, बोटं न सोलता, दोन टोकं बदलली की झालं. खर्च काही शे रुपये. दुसरा बदल तर फुकटचा. हँडलवरच्या लिव्हरचे क्लॅम्प करकचून न आवळता इतपतच आवळायचे, की चालवताना हलू नयेत पण जोराचा धक्का बसला तर फिरावेत. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी वळतो, आणि आपण तो पुन्हा जागेवर आणून पुढे जातो.

हे माझी गाडी बघणाऱ्या मेस्त्रींना अजिबात पटत नाही. ते माझ्या वडिलांच्या पिढीतले, हाताने पाना फिरवला की किती आवळलं हे मनगटाला कळणारे. दर सर्व्हिसला ते क्लॅम्प घट्ट करून देतात आणि मी घरी येऊन ढिले करतो.

"साहेब, ढिला बोल्ट म्हणजे माझी अब्रू आहे," एकदा म्हणाले.

"मेस्त्री, मुद्दाम ठेवलाय."

"लोकांना काय माहीत मुद्दाम ठेवलाय?"

यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

चेनकडे येऊ, कारण निम्मी देखभाल म्हणजे चेन. कोकणातून परत आलेली चेन बोटाने पुसली की तांबडी पेस्ट हाताला लागते. जांभ्याची माती, पाऊस आणि आदल्या आठवड्यात मीच लावलेलं ऑइल. हे मिश्रण पॉलिश पेपरचं काम करतं. प्रत्येक फेऱ्यात चेन आणि स्प्रॉकेट दोघांनाही थोडं थोडं घासत राहतं. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. इंजिन बंद हे दोनदा सांगण्यासारखं, कारण चालू इंजिनावर चेन पुसताना बोटं गमावलेली माणसं गॅरेजांतून भेटतात. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावत एकेक कडी. पेट्रोल नाही, ते चेनमधल्या रबरी रिंगा खातं. मग कोरड्या फडक्याने पुसायचं, नव्वद नंबरचं ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं आणि जास्तीचं पुन्हा पुसून काढायचं. ऑइल बाहेर चकाकत असेल तर त्याचा उपयोग एकच, माती गोळा करणं.

त्यानंतर ढील. चेन सगळीकडे सारखी ताणत नाही, म्हणून चाक फिरवत तिची सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेली ढील तिथे मोजायची. नवखा माणूस चेन ताठ करतो, त्याला ते नीटनेटकं वाटतं. पण गाडीवर माणूस बसला, सामान आलं, चाक खड्ड्यात गेलं की स्विंगआर्म वरखाली होतो, अंतर बदलतं, आणि ताठ चेनला द्यायला काही उरत नाही. मग ती गिअरबॉक्समधल्या बेअरिंगला ओढते. चेनची किंमत परवडते, बेअरिंगसाठी इंजिन खोलावं लागतं. स्प्रॉकेटचे दात पुढे वळून वाघनखांसारखे दिसायला लागले की मात्र चेन-स्प्रॉकेटचा अख्खा सेटच बदलायचा. जुन्या दातांवर नवी चेन घालणारे पैसे वाचवत नाहीत, फक्त पुढे ढकलतात.

लडाखची धूळ वेगळी. मोरे मैदानातून आल्यावर गाडी नुसती फिक्कट दिसते, घाण झाल्यासारखी वाटतही नाही. ती सगळी आत गेलेली असते, एअर फिल्टरच्या घड्यांमध्ये. कागदी फिल्टर झटकून पुन्हा बसवायचा मोह होतो. नवा बसवावा हे बरं, कारण त्या बारीक कणांपैकी जे पलीकडे जातात ते सिलिंडरच्या भिंती घासतात. काळं ऑइल गरम असताना सोडलं आणि दोन बोटांत चोळून उजेडात धरलं, तर चमचमणारा भुगा दिसतो का, हे बघायची माझी सवय तिथूनच लागली.

आणि टॅपेट. मेस्त्री गाडी सुरू करतात, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मला वाटायचं, टिकटिक ऐकू आली म्हणजे बिघाड. त्यांचं उलट. "वाजतोय तो जगतोय," म्हणाले. "गप्प झाला की बघायचं." कारण साधं आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते, गरम झाल्यावर धातू फुगतो त्याची सोय म्हणून. फट जास्त झाली तर आवाज येतो, एवढंच. फट संपली तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह धगीत कडेने जळायला लागतो. तेव्हा आवाज काहीच नसतो. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे ठेवावी लागते आणि घरी रिक्षाने यावं लागतं.

बदलांपैकी एकच मला मनापासून नावडतो, फुटका आवाज करणारा सायलेन्सर. पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली घालतात त्याची छायाचित्रं अधूनमधून छापून येतात आणि मला दरवेळी बरं वाटतं. गाडीची मूळ रचना मालकाने मनाला येईल तशी बदलू नये, हे मोटार वाहन कायदा सांगतोच आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावलं. कडक वाचलं तर वरातीसारखे झगमगणारे दिवेही त्यात सापडतील. सापडावेत. समोरून येणाऱ्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर चार दिवे मारून घाट उतरणाऱ्याला मी साहसी म्हणत नाही.

जेरीकॅनचं तेवढं सांगायचं राहिलं. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात तिथे टांडी गाव आहे. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी भारतातल्या दुचाकीवाल्यांना तोंडपाठ असते, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. गाडीचं ॲव्हरेज तीसचं धरलं तर पंधरा लिटरमध्ये साडेचारशे होतात, म्हणजे जेरीकॅनशिवाय लेह गाठता यावं. कागदावर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ, समोरून वारा, आणि मधेच त्सो मोरीरीकडे वळायची लहर, असं सगळं आलं की तीसचे पंचवीस होतात. कार्बोरेटरच्या गाड्यांचं तर आणखी कठीण, उंचीवर हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच सुटतं, प्लग काजळतो आणि गाडी धापा टाकते. इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो. ताकद मात्र त्यालाही परत आणता येत नाही. खारदुंग ला ओलांडताना हवा जवळजवळ निम्मी उरलेली असते, आणि उमलिंग ला तर 19,000 फुटांच्याही वर.

पण रस्तेही बदलत चाललेत. 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि रोहतांगच्या चिखलात तासन् तास अडकणं संपलं. पुढेही बरंचसं डांबर आहे. मौज अशी की डांबर जसं वाढलं तसे गाड्यांवरचे गार्डही वाढले.

2023 च्या अखेरीस नवी हिमालयन आली. 452 सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, चाळीस पीएसची ताकद. मध्यंतरी एका शोरूममध्ये सहज म्हणून जुनी गाडी दाखवली. पोराने टायर पाहिले, मीटरवरचा आकडा टिपला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ह्या गार्डचे, पेट्यांचे काही वेगळे मिळतील?" मी विचारलं.

"नाही सर. उलट ते काढून आणा. गाडी कंपनीतून आली तशी असली की भाव बरा येतो."

"चेन बघितली का?"

"चेन कशाला सर?"

तिथून निघालो तो थेट नाना पेठेत. स्प्रॉकेटच्या दातांची टोकं वळायला लागली होतीच. दुकानदाराने सेटचा खोका काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "पुढचं एक दात कमीचंही आलंय. टॉप स्पीड जरा पडेल, पण चढाला जोर येतो. देऊ?"

मला उमलिंग ला आठवला. तिथे मी अजून गेलेलो नाही. कंपनीचं आहे तेवढंच द्या, असं म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही घेऊन आलो.