दूध-पोळी

जबलपूरला माझ्या माहेरी, खमरियाच्या क्वार्टरमध्ये कुत्र्यासाठी वेगळं असं काही शिजत नसे. रात्रीची जेवणं उरकली की आई उरल्यासुरल्या पोळ्या कुस्करायची, वर वाटीभर दूध ओतायची आणि मागच्या दारातल्या जर्मनच्या ताटलीत तो काला जायचा. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. आसपासचे तमिळ, बंगाली, पंजाबी आपापल्या परीने हेच करत. आमची मात्र दूध-पोळी. रस्त्यावरचं पिल्लू घरी आलं की एक-दोन दिवसांत त्याला हगवण लागायची. “जागा बदलली ना त्याची,” हे आईचं निदान. काही पिल्लं तगायची, काही जायची. गेलेल्यांच्या बाबतीत नजर, थंडी, नशीब अशी कारणं निघत. ताटलीकडे कुणी बोट दाखवलं नाही.

लग्न होऊन गोलबाजारात आले तेव्हा कुत्र्याच्या पोटाला धर्माची जोड मिळाली. सासूबाई दत्तभक्त. दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद, तेव्हा गुरुवारच्या नैवेद्यातला पेढा पहिला गल्लीतल्या कुत्र्यांना. त्यांची आवडती गोष्ट नामदेवांची: कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट ऐकताना भांडी घासणारी बाई एकदा हसून म्हणाली होती, “अरे अम्मा, कुत्ते को घी हजम नहीं होता.” सासूबाईंना ते फार लागलं. भक्तीच्या बाजूने मी सासूबाईंच्या पक्षात आहे. आतड्याच्या बाजूने त्या बाईच्या. सवय नसलेल्या पोटात एकदम स्निग्ध पदार्थ गेला तर जुलाब होतात, कधी स्वादुपिंडालाही सूज येते. त्या रात्री त्या कुत्र्याचं काय झालं, हे कीर्तनकार सांगत नाहीत.

आता घरी जिलबी आहे. गेल्या थंडीत कोपऱ्यावरच्या नाल्याच्या पुलाखाली सापडलेली पिल्ली, आई बेपत्ता. आमच्याकडे येण्याआधी गल्लीने तिला मायेनं भरवून घेतलं होतं: ग्लुकोज बिस्किटं, म्हशीचं दूध आणि कुणीतरी कमानिया गेटकडून आणलेली खव्याची जिलबी. रंगही तसाच काळपट तपकिरी, म्हणून नातीनं हे नाव ठेवलं. पोट नगाऱ्यासारखं, फासळ्या मोजता येतील अशा. दुसऱ्या दिवशी पातळ, पिवळं, आंबट वासाचं सुरू झालं.

जबलपूरकरांचं एक बरं आहे, जनावरांचं मोठं शिक्षण गावातच आहे. इथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ चं. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. १९५६ मध्ये विदर्भ वेगळा झाला आणि दोनच वर्षांनी नागपूरने स्वतःचं पशुवैद्यक महाविद्यालय काढलं. इथल्या महाविद्यालयाचं पुढे विद्यापीठ झालं आणि त्याला नाव मिळालं नानाजी देशमुखांचं, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या माणसाचं. फाटकावरचं ते नाव वाचून सासूबाई असत्या तर आत न जाताच अर्ध्या बऱ्या झाल्या असत्या.

तिथे जिलबीला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी औषध नाही, प्रश्न काढले. उलटी? रक्त? खेळते का? मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. लगेच सपाट झाली, म्हणजे शरीरातलं पाणी फार गेलेलं नव्हतं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. ताप पाहिला. हे सगळं पार्व्होच्या धास्तीनं. कुत्र्यांचा हा विषाणू १९७८ च्या सुमाराला उघड झाला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पोचला. मातीत महिनोन्महिने टिकतो, बुटाला चिकटून घरात येतो आणि लस न घेतलेल्या पिल्लाला रक्ताच्या जुलाबांनी काही दिवसांत संपवतो. आईच्या क्वार्टरमधल्या ‘नजर लागलेल्या’ पिल्लांपैकी काहींचं खरं नाव हेच असावं, असा मला दाट संशय आहे.

जिलबीला पार्व्हो नव्हता. विष्ठेच्या तपासणीत गोलकृमींची अंडी निघाली. यात गल्लीचा काहीच दोष नाही. हे जंत आईच्या शरीरात दडून असतात आणि गर्भातच पिल्लात उतरतात, वर दुधातूनही येतात. म्हणजे रस्त्यावरचं पिल्लू जगात येतं तेच पोटात भाडेकरू घेऊन. म्हणून जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत. लसही एकदा टोचून भागत नाही. आईकडून आलेलं संरक्षण अंगात असतं तोवर ते लसीलाही निकामी करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल ते दिसत नाही. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचायचं.

मग त्यांनी विचारलं, “दूध देता?” आणि माझ्या हातातली पिशवी पाहून स्वतःच म्हणाल्या, “बंद.” दूध सोडण्याच्या वयात पिल्लाच्या आतड्यातली दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. शिवाय कुत्रीचं दूध प्रथिनांनी आणि स्निग्धांशानं दाट असतं, त्यात साखर कमी. गाई-म्हशीचं उलट, जास्त साखरेचं. न पचलेली ती साखर आतड्यात पाणी ओढते आणि आंबते. पोळीवर मात्र त्यांचा फारसा राग नव्हता. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण. आईच्या काल्यातली पोळी निर्दोष सुटली, दूध अडकलं.

उपाशी ठेवू नका, हेही त्यांनी बजावलं. मोठ्या कुत्र्याला चालेल, इतक्या लहान पिल्लाची रक्तातली साखर उतरते. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा: मऊ भात आणि बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी. कोंबडी! ज्या ओट्यावर कांदासुद्धा चातुर्मासात चढत नाही, तिथे? शेवटी मागच्या अंगणात जुनी विजेची शेगडी लागली, वेगळं पातेलं आलं, आणि माझे निवृत्त, जानवंधारी यजमान नाकाला रुमाल बांधून हाडं वेगळी करू लागले. उकडलेल्या कोंबडीची हाडंही द्यायची नसतात, शिजली की ती टोकदार फुटतात.

शेवयांसारखे जंत पडले तेव्हा नात किंचाळली आणि मग शाळेत सगळ्यांना सांगून आली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिला मात्र दोनदा ऐकवलं: हे जंत माणसालाही, विशेषतः मुलांना बाधतात, तेव्हा हात साबणानं धुवायचे आणि अंगणातली घाण रोजच्या रोज उचलायची. शी हळूहळू घट्ट झाली. पोट उतरलं आणि फासळ्यांवर मांस दिसू लागलं.

समोरच्या काकू अजून रोज संध्याकाळी वाटीत साय घेऊन येतात. “बिचारीची आई नाही हो,” म्हणतात. त्यांना आतड्याचं सांगून पाहिलं, लॅक्टोजचं सांगून पाहिलं. आता वाटी घेते, दार लावते आणि साय विरजणात घालते. लोणी बरं निघतं.