बसत नाही

मराठीत 'बसणे' या क्रियापदाला किती कामे आहेत, हे मोजण्याचा उद्योग आम्ही एकदा वर्गात केला होता. माणूस खुर्चीवर बसतो आणि परीक्षेलाही बसतो. घसा बसतो, धक्का बसतो, चाललेले दुकान बसते, लिहिता लिहिता हात बसतो, एखादी चाल गळ्यावर बसते. विश्वासही बसतो, किंवा बसत नाही. फळ्याची एक बाजू भरली तेव्हा तास संपला आणि तो फळा पुसून आम्ही समाधानाने घरी आलो. त्यानंतर काही महिन्यांनी हेच क्रियापद आमच्या घरात तीन महिने रोज उच्चारले जात होते आणि आम्हा दोघांना, मराठीच्या दोन अध्यापकांना, ते ऐकू आले नाही.

निमित्त होते मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारचे. ती सहा हजारांच्या आतली, म्हणजे तिच्या जातीत अगदी तळाची. फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली, तिच्या आकाराच्या नकला आज जगभर बनतात. त्यांतलीच ही एक. मुलाने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिच्यासाठी एक चांगले, जुने पिकअप विकत घेतले आणि स्वतःच ते घालण्याच्या खटपटीला लागला. दोन दिवसांनी म्हणाला, "बसत नाही." आठवड्याने पुन्हा तेच. मग गिटार कपाटाच्या बाजूला उभी राहिली. सराव का होत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले : "पिकअप बसत नाही." या वाक्याचा अर्थ आम्ही परस्पर लावून टाकला होता. नव्या खर्चाची ही प्रस्तावना आहे, किंवा उत्साह ओसरल्याची सभ्य कबुली. अर्थ लावणे हा आमचा व्यवसायच असल्याने त्याविषयी आम्हाला शंकाही आली नाही.

पिकअप म्हणजे काय, हे आम्हालाही नंतरच कळले. साध्या गिटारला पोकळ पोट असते, तारेचे कंपन त्यात घुमते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची. तिला पोटातला आवाज नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेली एक डबी बसवतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते, आणि ती वाढवून ध्वनिक्षेपकापर्यंत नेली की आपण जे ऐकतो तो आवाज मिळतो. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्वच इथे कामाला येते. शंभर वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज बोशाँने ते गिटारला लावले. त्याच्या वाद्याला 1937 मध्ये पेटंट मिळाले. एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरातल्या विजेची गुणगुण शिरते. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने 1955 च्या सुमारास तोड काढली : दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची, त्यांच्या वेढ्यांची आणि चुंबकांची दिशा उलट करायची. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध होऊन परस्परांना खोडून काढते, तारेचा आवाज मात्र दोन्हींतून मिळून येतो. हम म्हणजे गुणगुण, ती मारणारे ते हंबकर. आमच्या मुलाने आणले होते ते हंबकरच.

अखेर एका शनिवारी त्याची परीक्षा संपली आणि आमच्या मनातली कुरकुर संपेना, तेव्हा आम्ही तिघे गिटार घेऊन स्वारगेटला गेलो. जेधे चौकातून शंकरशेट रस्त्याकडे वळल्यावर एका गल्लीत दुरुस्तीचे दुकान आहे, एवढे मुलाला ठाऊक होते. स्वारगेट ही काही वाद्यांची पेठ नव्हे. एसटीचे स्थानक, पीएमपीच्या बसगाड्या, उड्डाणपूल, आणि 2024 च्या सप्टेंबरपासून जमिनीखालून येणारी मेट्रो. इथे माणसे निघतात किंवा उतरतात, थांबत कोणी नाही. त्या गर्दीच्या कडेला दहा फुटांच्या खोलीत एक पन्नाशीचे गृहस्थ एका पेटीचा भाता चिकटवत बसले होते. भिंतीवर दोन तानपुरे, खाली एक उघडलेला कीबोर्ड.

मुलाने सांगितले, "पिकअप बसत नाही." आम्ही घाईने पुस्ती जोडली, की गिटार स्वस्तातली आहे, तिचे लाकूडच तसले असेल, आणि मुळात सराव... गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी मुलाला विचारले, "कुठे टेकतंय?"

तीन महिन्यांत हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

मुलगा बोलू लागला, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे किती होते हे पाहून आम्ही गप्प झालो. नवे पिकअप तारांच्या फार जवळ राहते. स्क्रू फिरवून खाली घ्यावे तर एका हद्दीनंतर ते खाली जातच नाही, उलट तिरके होते. तारा चुंबकाला इतक्या जवळ आल्याने वरच्या पडद्यांवर स्वर स्थिर राहत नाहीत, थरथरतात; चुंबकच तारेला ओढतो. शिवाय जुने स्क्रू नव्या पिकअपच्या आट्यांत शिरत नाहीत, कारण एकाचे माप इंचाचे आणि दुसऱ्याचे मिलिमीटरचे. आणि दोन्ही कडांच्या तारा पिकअपच्या खिळ्यांवर नेमक्या येत नाहीत, थोड्या बाहेर राहतात.

गृहस्थांनी तारा सैल केल्या, प्लास्टिकची पाटी उचलली आणि कॅलिपर काढला. कडांच्या तारांची तक्रार त्यांनी आधी निकालात काढली. तारांचा पसारा बावन्न मिलिमीटर, खिळ्यांचा पन्नास. म्हणजे प्रत्येक बाजूला एक मिलिमीटरचा फरक. "डोळ्याला दिसतं, कानाला नाही. चुंबकाचं क्षेत्र काय खिळ्यापुरतं नसतं." स्क्रूंचे माप खरोखरच वेगळे होते, एका डबीतून जुळणारी जोडी निघाली. उरली मुख्य अडचण. त्यांनी लाल पेन्सिलीने पिकअपच्या दोन्ही टोकांना खाली वळलेल्या पत्र्याच्या पायांची टोके आणि स्क्रूंची टोके रंगवली, पिकअप पाटीसकट खाचेत ठेवून हलके दाबले आणि उचलले. खाचेच्या तळाशी, दोन्ही टोकांना, लाल ठिपके उमटले होते. पाय लांब होते. खाच उथळ होती. फरक जेमतेम चार मिलिमीटरचा.

वीस वर्षे आम्ही लाल शाई वापरतो. चूक कुठे आहे ते दाखवण्यासाठी वापरतो. अडते कुठे ते शोधण्यासाठी तिचा उपयोग होतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिले.

उपाय तीन होते आणि ते त्यांनी मुलाला समजावून दिले. पिकअपचे पाय कापावेत, तर चांगली वस्तू कायमची बिघडते. संपूर्ण खाच खोल करावी, तर या गिटारच्या पाठीमागे, घोडीपासून गळ्याच्या दिशेने, स्प्रिंगांसाठी आणखी एक खाच असते. दोन खाचांमध्ये पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरलेले असते, आणि पटाशी आरपार जाण्याची भीती. तिसरा उपाय असा, की जिथे ठिपके पडले तिथे आणि तेवढेच लाकूड काढावे. पिकअपचे पाय त्या मागच्या खाचेपेक्षा अधिक अंतरावर, म्हणजे तिच्या दोन्ही कडांच्या बाहेर येतात. तिथे लाकूड भरीव आहे. त्यांनी ड्रिलच्या पात्याला खोली कळावी म्हणून चिकटपट्टी गुंडाळली, दोन आंधळी भोके पाडली, भुसा फुंकला. मग वायरींचे सांधे कथलाने जोडले, स्क्रूंवर स्प्रिंगांऐवजी रबरी नळीचे तुकडे चढवले, आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरत पिकअपची उंची लावली : बारीक तारांखाली दीड-दोन मिलिमीटर, जाड तारांखाली थोडे अधिक. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एका खिळ्याला स्पर्श केला तर ध्वनिक्षेपकातून 'टक्' असा जिवंत आवाज आला. सारे काम तासाभराचे.

हात चालू असताना ते भिंतीवरच्या तानपुऱ्यांविषयी बोलत होते. ते मिरजेचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये घडवणाऱ्या घराण्यांचे मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांत आहे. तिथला कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतो तेव्हा घोडीचा पृष्ठभाग कानसतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. तार घोडीला नेमकी कुठे आणि किती टेकते यावर सगळा झंकार अवलंबून. "तिथं टेकावं लागतं, इथं टेकू नये," ते म्हणाले, "पण विचारायचं तेच."

परत येताना एसटीच्या स्थानकासमोर आम्ही रस्ता ओलांडण्यासाठी उभे होतो, आणि तिथे आम्हाला जे आठवले त्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

2017 साली एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक विद्यार्थी होता. जत तालुक्याच्या पूर्व भागातला. घरात कन्नड, गावात कन्नडमिश्रित मराठी, आणि शाळेपासून प्रमाण मराठी. वाचन भरपूर, वर्गात प्रश्नही नेमके. पण चर्चासत्रासाठी लिहिलेला त्याचा निबंध आम्ही लाल करून परत दिला. लिंग, विभक्ती, क्रियापदाची रूपे. तो म्हणाला होता, "ही भाषा तोंडात बसत नाही." त्यावर आम्ही वाचन वाढवण्याचा सल्ला दिला. तो आधीच आमच्यापेक्षा कमी वाचत नव्हता. कन्नडमध्ये व्याकरणिक लिंग अर्थावर ठरते. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक. मराठीत मात्र भिंत ती, दगड तो आणि दार ते, आणि त्याला अर्थाचा आधार नाही. तो अडत होता तो बहुतेक तिथेच. दोन-तीन ठिपक्यांची गोष्ट होती. आम्ही संपूर्ण खाच खोदायला सांगितली, आणि ती आरपार गेली.

पहिले सत्र संपले तेव्हा आमच्यापैकी एकाने त्याला याच स्थानकावर, सांगलीकडे जाणाऱ्या गाडीपाशी, पत्र्याच्या पेटीसह पाहिले. "सुट्टीला निघालास?" असे विचारले. तो "हो" म्हणाला. दुसऱ्या सत्राला तो आला नाही. सुट्टीला जाणारा मुलगा पेटी घेऊन जात नाही, हे त्या क्षणी लक्षात यायला हवे होते.

साहित्याच्या अभ्यासात 'न बसणे' आपण फार मोठ्या पातळीवर हाताळतो. मर्ढेकरांनी लयीचा विचार मांडताना संवादाबरोबर विरोधालाही जागा दिली, ते आपण आवडीने शिकवतो. पेटीचे उदाहरणही देतो : तिचे ठरीव स्वर आपल्या श्रुतींत बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले, आणि त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी मराठी रंगभूमी घडवली. आक्षेप खरा होता आणि वाद्यही खरे होते. परंतु अशी उदाहरणे आपल्याला सोपी जातात, कारण त्यांत समोर कोणी पेटी घेऊन उभे नसते. समोरचा विद्यार्थी 'बसत नाही' म्हणतो तेव्हा ती तक्रार नसून वर्णन असू शकते, आणि ते वर्णन मोजून पाहता येते. काही वेळा एक मिलिमीटरचा फरक निघेल, ज्याची काळजी नको. काही वेळा चार मिलिमीटरचा निघेल, आणि मग पाय कापायचे की लाकूड काढायचे, हा निर्णय आपला असतो.

रात्री आम्ही मुलाला विचारले, की पाय तळाला टेकतात हे तू आम्हाला का सांगितले नाहीस? तो गिटार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बसत नाही म्हणालो होतो ना."

महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या जुन्या प्रवेशअर्जांतून त्या विद्यार्थ्याचा क्रमांक मिळाला, पण तो आता दुसऱ्याच कोणाचा आहे. गावचा पत्ता मात्र अर्जावर पूर्ण आहे. त्या पत्त्यावर आम्ही पत्र टाकले आहे. त्यात त्याच्या निबंधाविषयी लिहिले, कुठे अडत होते असे आम्हाला आता वाटते तेही लिहिले, आणि चूक वाटल्यास दुरुस्त करून कळव अशी विनंती केली. पत्राला महिना झाला. उत्तर अजून आलेले नाही. गिटार रोज वाजते.